दिवाळी, मंडई, संक्रांत: सणाला काय नेसावं, काय घालावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धनतेरस ते रथसप्तमी या तीन-सव्वातीन महिन्यांत गावाकडे जेवढे कार्यक्रम होतात, तेवढे वर्षभरात होत नाहीत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपासून इकडे वऱ्हाडापर्यंत कपड्यांबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

कपडा निवडायचा तर सुरुवात कुठून करायची? रंगापासून की पैशांपासून?

दोन्हीपासून नको. आधी तीन गोष्टी विचारा. बसायचं कुठं आहे: खुर्चीवर, सतरंजीवर की पंगतीत मांडी घालून? जायचं कशानं: मोटारसायकलनं, काळीपिवळीनं की बांधावरून पायी? आणि परत यायचं किती वाजता? या तीन उत्तरांतच निम्मी निवड होऊन जाते. घरच्या लक्ष्मीपूजनाला जड काठाची साडी चालते, कारण दोन तासांत ती उतरवायची असते. तीच साडी मंडईला, म्हणजे भाऊबीजेनंतरच्या गावच्या जत्रेला, नेसली तर दुपारी घामानं आणि रात्री दवानं तिचं मातेरं होतं. दुकानातल्या आरशासमोर उभं राहून कपडा पसंत केला जातो, पण कार्यक्रमात आपण बहुतेक वेळ बसलेलो असतो. म्हणून ड्रेस किंवा कुर्ता दुकानातच घालून एकदा खाली मांडी घालून बघा. मांडीवर ताणला, बगलेत ओढला, तर तो नको.

शिलाईला कपडा कधी टाकावा?

घटस्थापनेच्या आधी. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत वीसच दिवस मिळतात, आणि त्याच दिवसांत सोयाबीनचा पैसा हातात येतो, म्हणून सगळं गाव एकदम टेलरकडे जातं. दसऱ्यानंतर बहुतेक टेलर ऑर्डर बंद करतात. जे घेतात ते लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी कपडा हातात ठेवतात, मग दुरुस्तीला वेळ कुठून राहणार? घालून बघायला किमान पाच दिवस हवेत.

कपडा टाकण्याआधी सुती ब्लाऊजपीस आणि अस्तर दोन्ही रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा. हे दुकानात कोणी सांगत नाही. अस्तर न भिजवता शिवलं की पहिल्या धुण्यात ते आटतं, वरचा कपडा तसाच राहतो आणि पाठीवर फुगे येतात. फॉलचंही तेच: आटलेला फॉल साडीच्या खालच्या काठाला चुण्या पाडतो आणि निऱ्या कधीच सरळ पडत नाहीत.

मापाचं ब्लाऊज देताना ते कुठं घट्ट होतं, कुठं सैल, हे तोंडी सांगू नका. चिठ्ठीवर लिहून त्याच ब्लाऊजला टाचणीनं लावा. दंडाचा घेर वेगळा मोजायला सांगा, कारण वर्षभरात आधी दंडच बदलतो. दोन्ही बाजूंच्या शिवणीत एकेक इंच मार्जिन ठेवायला लावा. सणाच्या आठवड्यात ते उसवून घेता येतं. कापून टाकलं असेल तर काहीच करता येत नाही.

किती कापड घ्यावं?

साडी साडेपाच मीटर आणि ब्लाऊजपीस ऐंशी सेंटिमीटर असतो. कोपरापर्यंत बाही किंवा फुगे हवे असतील, तर ऐंशीत बसत नाही. एक मीटर लागतं. नऊवारी साधारण सव्वाआठ मीटर, आणि उंच बाईनं त्यापेक्षा कमी लांबीची घेऊ नये. पुरुषाच्या पूर्ण बाहीच्या कुर्त्याला ४४ इंच पन्ह्यात अडीच मीटर पुरतं, चुडीदार नसलेल्या पायजम्याला तेवढंच आणखी. पोट असलेल्या माणसानं पाव मीटर जास्त घ्यावं आणि त्याची लाज बाळगू नये. चौकटीचा किंवा मोठ्या फुलांचा कपडा असेल तर नक्षी जुळवायला आणखी पाव मीटर.

दिवे आणि फटाक्यांजवळ कोणता कपडा सुरक्षित?

सुती, अंगाला बेताचा, लोंबता पदर किंवा ओढणी नसलेला. सुती कपडा पेटतच नाही असं नाही, उलट पातळ मलमल झटकन पेटते. फरक एवढाच की पॉलिस्टर, नायलॉन, जॉर्जेट वितळतात आणि वितळलेला भाग कातडीला चिकटून जखम खोल करतो. पणत्या लावायच्या वेळी पदर कमरेला खोचा, ओढणी दोन्ही टोकं मागं बांधून घ्या. नेटचा घेरदार लेहंगा घातलेल्या मुलीला फुलबाजी देऊ नका. आधी सुती ड्रेसवर फटाके होऊ द्या, लेहंगा नंतर, फोटोपुरता. कपड्यानं पेट घेतलाच तर पळायचं नाही, जमिनीवर लोळायचं, आणि भाजलेल्या जागी चिकटलेला कपडा ओढून काढायचा नाही. वरून गार पाणी ओतत दवाखान्यात न्यायचं.

मंडईला आणि रात्रीच्या नाटकाला काय घालावं?

या यादीतला सगळ्यांत अवघड प्रश्न हाच, कारण एकाच फेरीत दोन ऋतू भेटतात. भाऊबीजेनंतर झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, गावागावांची मंडई सुरू होते. दिवसा दुकानं, दंडार (गावचं लोकनाट्य), पाहुण्यांची वर्दळ. रात्री दहाच्या पुढं नाटक, ते पहाटेपर्यंत. दुपारी ऊन चांगलंच असतं आणि पहाटे अंगावर दव पडतं. पौष उजाडेपर्यंत थंडी आणखी वाढते. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर उतरला होता, आणि उघड्या शिवारात शहरापेक्षा गारठा जास्तच.

म्हणून दिवसाचा कपडा सुती किंवा सुती-मिश्र. सलवार-कुर्ता सर्वांत सोयीचा, साडीच हवी तर हलकी, अरुंद काठाची. रात्रीसाठी वेगळा कपडा नेण्यापेक्षा थर वाढवा: ब्लाऊजऐवजी पूर्ण बाहीचा, उंच बंद गळ्याचा गडद पोलोनेक, परकराखाली सुती लेगिंग, वर शाल. पोलोनेकवर काठापदराची साडी छान दिसते, हा नुसता थंडीचा उपाय राहत नाही. जरीच्या साडीवर विणलेला स्वेटर मात्र घालू नका; जरीच्या तारा लोकरीत अडकतात आणि काढताना दोन्हींचे धागे ओढले जातात. गोंडे असलेल्या शालीचंही तसंच.

बसायला कुठं खुर्ची, कुठं सतरंजी, कुठं खाली भाताचं तणस. गारवा खालून चढतो, त्यामुळं वर तीन थर घातले आणि खाली काहीच अंथरलं नाही तर उपयोग नाही. घोंगडी नाहीतर जाड चादर घरून न्या. तणसावर नेट, शिफॉन, जाळीची ओढणी नको. बांधावरून चालत आलात तर गवताची कुसळं काठात शिरलेली असतातच. कुसळ शेपटीकडून ओढलं की त्याचे बारीक काटे धाग्यात अडकतात आणि धागा बाहेर येतो. ते ज्या दिशेनं घुसलं त्याच दिशेनं पुढं ढकलून, कपड्याच्या दुसऱ्या बाजूनं टोक धरून काढा. अलगद निघतं.

दागिने खोटेच घाला. गर्दीतल्या मंडईत खरं मंगळसूत्र पदराबाहेर ठेवणं म्हणजे रात्रभर नाटक सोडून गळ्याकडे लक्ष.

घरात जुनी करवतकाठी आहे. नेसावी का? नवी घ्यायची तर खरी कशी ओळखावी?

जरूर नेसा. अंगात कोसा (टसर रेशीम) आणि काठ सुती, त्या काठावर करवतीच्या दात्यांची नक्षी, हे विदर्भाचं स्वतःचं विणकाम आहे. भंडारा जिल्ह्यात मोहाडी, आंधळगाव इथं कोशाचं विणकाम चालत आलं आहे, आणि करवतकाठी साड्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. कोसा मिळतो ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर पोसलेल्या किड्यांपासून. न रंगवलेला कोसा मधासारखा पिवळसर असतो आणि प्रत्येक धागा सारख्या जाडीचा नसतो. अगदी गुळगुळीत, एकसारखी, झगमगीत साडी कोणी कोसा म्हणून दाखवली तर शंका घ्या.

हातमागावर काठ आणि अंग वेगवेगळ्या धोट्यांनी विणून एकमेकांत गुंतवतात. साडी उलटी करून काठ जिथं अंगाला मिळतो ती रेघ बघा: खऱ्या करवतकाठीत दाते दोन्ही बाजूंनी सारखेच उठून दिसतात. छापील किंवा यंत्रावरच्या नकलेत उलट बाजूला नक्षी फिकी दिसते किंवा सुटे धागे लोंबतात. जाळून बघायचं तर एक धागा उभा आणि एक आडवा, दोन्ही घ्या. पदराच्या दशा म्हणजे उभेच धागे, त्यामुळं नुसत्या दशा जाळून भागत नाही. आडव्यात भेसळ असेल तर ती तशीच राहते. खरं रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. सूत कागदासारखं जळतं. कृत्रिम धागा वितळून कडक मणी होतो. हातमाग मार्क आणि सिल्क मार्कचं लेबल आहे का तेही बघा.

सांभाळायची गोष्ट एकच, पण महत्त्वाची: ही साडी घरी बादलीत धुवायची नाही. सुती काठ आटतो, कोसा तेवढा आटत नाही, आणि काठाजवळ कायमच्या सुरकुत्या पडतात. कोशावर पाण्याचे थेंब पडले तरी डाग दिसतो, म्हणून जेवणाच्या पंगतीत ती नेसून वाढायला उभं राहू नका. तो मान जावेला द्या.

पैठणी घ्यायची तर हातमागाची की सेमी?

वर्षातून दोनदाच नेसणार असाल आणि खिसा बेताचा असेल, तर सेमी, म्हणजे यंत्रावरच्या, पैठणीत काही कमीपणा नाही. फक्त सेमीचे पैसे द्या. हातमागाच्या पैठणीचा पदर उलट बाजूनंही सुलट बाजूसारखाच दिसतो. मागं धाग्यांची जाळी किंवा कापलेली टोकं असतील तर ती यंत्रावरची.

परकर कोणता?

सुती, साडीच्या काठापेक्षा एक इंच आखूड. सॅटिनच्या परकरावर रेशमी साडी घसरते, आणि दोन तासांनी निऱ्या बेंबीवरून कमरेला पोचतात. नाडी नवी घाला, जुनी ऐन वेळी तुटते.

पिनांनी साडी फाटते. काय करावं?

पिनेच्या आत कपड्याचा छोटा तुकडा किंवा एक बारीक मणी घाला आणि खांद्यावर साडी किंचित ढिली ठेवा. हात वर केल्यावर ओढ पिनेवर येते, तिथंच रेशीम चिरतं. गंजकी पिन वापरली तर चिरण्याआधी पिवळा ठिपका पडतो, तो जात नाही.

मोटारसायकलवर साडी नेसून जायचं आहे.

साडी गार्ड लावलेली गाडी असेल तरच. केंद्रीय मोटारवाहन नियम १९८९ मधल्या १२३ व्या नियमानुसार मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकणं बंधनकारक आहे. पोरं गाडी देखणी दिसावी म्हणून ते गार्ड काढून ठेवतात आणि मग आईचा पदर चाकात जातो. पदर पुढं घेऊन कमरेत खोचा, ओढणीला गळ्याभोवती वेढे नकोत, आणि सोळा-अठरा किलोमीटरच्या पुढचा रस्ता असेल तर साडी पिशवीत नेऊन तिथं नेसा. इस्त्रीही टिकते.

दुकानात एक रंग, घरी दुसराच दिसतो. असं का?

दुकानातल्या पांढऱ्या एलईडीत लाल-मरून काळपट आणि पिवळा हिरवट दिसू शकतो, पिवळ्या बल्बखाली उलटं होतं. घेण्याआधी कपडा दुकानाच्या दारात, उजेडात आणून बघा. आणि कार्यक्रम रात्रीचा असेल तर मोबाईलचा टॉर्च मारूनही. जांभळा, बाटली हिरवा, नेव्ही हे तिन्ही मंडपातल्या मंद उजेडात काळेच दिसतात. गर्द पिवळा, राणी, शेंदरी उठून दिसतात.

आठवडी बाजारात घेतलेल्या कपड्याचा रंग जाईल का, हे आधी कसं कळेल?

पांढरा रुमाल ओला करून पिळा आणि कपड्याच्या आतल्या शिवणीवर दहा-बारा वेळा घासा. रुमालावर रंग आला तर तो कपडा जाणारच. मिठाच्या पाण्यात ठेवून रंग पक्का होतो असं सांगतात, पण आधीच रंगवून बाजारात आलेल्या कपड्याला मिठाचा फारसा उपयोग होत नाही. पहिली तीन धुणी गार पाण्यात, वेगळी, आणि ओला कपडा गोळा करून न ठेवता लगेच वाळत घालणं, एवढंच हातात असतं. अशा कपड्यावर पांढरी ओढणी घेऊ नका. घामानंही रंग उतरतो.

संक्रांतीला काळंच नेसायला पाहिजे का?

पाहिजे असं नाही, पण वर्षातला हा एकच सण, जिथं काळं मनसोक्त नेसता येतं. थंडीत काळा रंग ऊन धरतो, हाही फायदा. दुपारच्या हळदीकुंकवाला पाच-सहा घरं फिरायची असतात, चपला दहादा काढायच्या असतात, मांडी घालून बसायचं असतं. तेव्हा सुती चंद्रकळा किंवा काळी काठाची साडी जॉर्जेटपेक्षा बरी. काळ्यावर हळद, तिळगुळाची पूड आणि पांढऱ्या दोऱ्याचे कण लगेच दिसतात, म्हणून एक ओला नॅपकिन पिशवीत ठेवा. नवीन सुनेला आणि बोरनहाणाच्या बाळाला हलव्याचे दागिने घालायचे असतील तर ते कपड्यावर, उघड्या अंगावर नकोत: साखर घामानं चिकट होते आणि मुंग्या लागतात.

पुरुषांसाठी काय? दरवर्षी तोच पांढरा कुर्ता होतो.

होऊ द्या, पांढरा कुर्ता कुठंच चुकत नाही. फक्त तीन गोष्टी बघा. कुर्ता छातीच्या मापापेक्षा चार इंच सैल हवा, नाहीतर बसल्यावर बटणांमधून बनियन दिसतं. लांबी गुडघ्याच्या थोडी वर. आणि आत बनियन पांढरं नको, कातडीच्या रंगाचं घाला. पांढऱ्या पातळ कुर्त्यातून पांढरं बनियनच जास्त दिसतं. बदल हवा असेल तर कोशाचं किंवा खादीचं जाकीट घ्या. एका जाकिटात दिवाळी, भाचीचं लग्न आणि १ जानेवारीचा स्नेहमेळावा तिन्ही निघतात, शिवाय थंडीला आधार होतो. जाकिटाचे खांदे कुर्त्याच्या खांद्यापेक्षा बाहेर आले तर ते मागून आणल्यासारखं दिसतं.

धोतर नेसायची सवय नसेल तर सणाच्या दिवशी पहिल्यांदा प्रयोग नको. आधी घरात एक संध्याकाळ नेसून चाला.

लहान मुलांचे कपडे मोठे घ्यावेत का, दोन वर्षं जातील म्हणून?

लांबीला मोठे चालतात, घेराला आणि गळ्याला नाही. बाही आणि पायजमा दोन इंच दुमडून आत टीप मारून घ्या, पुढच्या वर्षी उसवा. गळा मोठा असला की खांद्यावरून कपडा उतरतो आणि मूल दिवसभर तो ओढत बसतं. टिकल्या, जरी, नेट यांच्या आत सुती अस्तर आहे का ते हात घालून बघा. नसेल तर बगलेत आणि मानेला ओरखडे येतात, मग मूल रडतं आणि लोक म्हणतात दृष्ट लागली. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन निघणाऱ्या पोट्ट्यांना धोतर शिवलेलंच घ्या, इलॅस्टिकचं. श्रावण संपताना पावसाची सर केव्हाही येते, म्हणून फेटाही कच्च्या रंगाचा नको, सगळं तोंड लाल होतं.

गॅदरिंगसाठी किंवा एखाद्या दिवसासाठी भाड्यानं घ्यावं का?

शेरवानी, लेहंगा, नाचाचे कपडे भाड्यानं घेणंच शहाणपणाचं. उजेडात उघडून बगल, चेन, हुक आणि खालचा घेर तपासा, आधीच असलेले डाग दुकानदारासमोर मोबाईलवर टिपून ठेवा. डिपॉझिट किती कापणार हे पावतीवर लिहून घ्या. आत स्वतःचा सुती थर घाला. एक दिवस आधी आणा. त्याच सकाळी आणलेल्या कपड्याची चेन तुटली तर कोण दुरुस्त करणार?

एकाच साडीत सगळे सण काढायचे आहेत.

मग साडी मधल्या वजनाची, एकाच रंगाची, बारीक काठाची घ्या आणि पैसे दोन ब्लाऊजवर खर्च करा: एक काठाशी जुळणारं साधं, दुसरं विरुद्ध रंगाचं, पूर्ण बाहीचं. लोकांच्या लक्षात साडीपेक्षा ब्लाऊज आणि पदर जास्त राहतो. अंगावर पिणारं बाळ असेल तर ब्लाऊज पुढून हुकांचंच शिवा, फॅशन काहीही सांगो.

चपला?

मंडप शेतात असेल तर टोकदार टाच मातीत रुतते. सपाट किंवा रुंद टाचेची घाला. कोल्हापुरी दवात भिजली की वाळताना कडक होते आणि चावते. देवळात किंवा पंगतीच्या जागी नवी चप्पल नेऊ नका, ती परत येईल याची हमी कोणीच देत नाही.

डाग पडला तर?

हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो. घाबरू नका, साबणाच्या क्षारानं हळदीचा रंग बदलतो, डाग पक्का झालेला नसतो. सुती कपडा असेल तर पाण्यानं साबण काढून कडक उन्हात वाळत घाला. ऊन हळदीचा रंग खातं, दोन-तीनदा केलं की जातो. तळणाच्या तेलावर लगेच टाल्कम पावडर किंवा कोरडं बेसन दाबून अर्धा तास ठेवा, मग झटका. मेणबत्तीचं मेण गार होऊ द्या, नखानं खरवडा, उरलेलं दोन जुन्या कागदांमध्ये ठेवून कोमट इस्त्री फिरवा, मेण कागदात उतरतं. कुंकू ओलं करू नका, आधी कोरडंच झटकायचं. रेशमावर यातलं झटकणं आणि बेसन एवढंच करा, बाकी ड्रायक्लीनला.

सण झाल्यावर कपडे कसे ठेवावे?

घामाचा कपडा त्याच रात्री घडी करून पेटीत टाकू नका. घामानं जरी काळी पडते. एक रात्र सावलीत वाऱ्यावर ठेवा, मग सुती जुन्या धोतरात गुंडाळा. प्लॅस्टिकची पिशवी नको, आत ओल धरते. डांबराच्या गोळ्या कापडाच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा, जरीला लागू देऊ नका. वाळलेला कडुनिंबाचा पालाही चालतो, पण तो खरोखर वाळलेला हवा. रेशमी साडीची घडी दोन-तीन महिन्यांनी बदला, नाहीतर एकाच रेषेवर धागा तुटतो. उन्हाळ्यात पेटी उघडाल तेव्हा दुरुस्तीचं ब्लाऊजही काढून टेलरकडे टाका. त्या दिवसांत तो रिकामा असतो आणि नीट शिवतो.